त्या ऑगस्टात तुम्ही कुठे होता?

१२ सप्टेंबर, गुरुवार

मागून कुणीतरी "बाई!" म्हणून हाक मारली आणि मी वळले. सीमेअलीकडच्या या परक्या गावात तीन वर्षांत मला कुणी बाई म्हटलेलं नाही. लाँड्रीत मी नुसती यादविहा, आणि मुकादमीण चिडली की "ए, चादरवाली!" पण मान वळली ती वळलीच. एकवीस वर्षं भूगोल शिकवल्यावर दुसरं काय होणार!

निवास परवान्याची रांग. माझ्यामागे पाच माणसं सोडून – युस्तीना! खिडकीजवळचा बाक, डावखुरी, नकाशातल्या नद्या हट्टाने काळ्या शाईने काढणारी. आता तेवीस वर्षांची झाली. केस पार कापून टाकलेत. सगळ्या रांगेदेखत गळ्यात पडली. "बाई, तुम्ही इथे ब्यावीस्तोकमध्ये! आणि मला पत्ताच नाही?" मी हसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग हातातले कागद उगाच पुन्हा लावत राहिले.

जाताना म्हणाली, "रविवारी या. आम्ही सगळे जमतो – 'सुसेदी'त." सुसेदी म्हणजे शेजारी. आमच्या बेलारूसमधून निघालेली चाळीसेक माणसं. देशात एकदा तरी खरी निवडणूक व्हावी, आत टाकलेले सुटावेत, आणि इथे लाँड्रीत-बांधकामावर राबणाऱ्या आपल्या माणसांना कुणी नाडू नये, म्हणून धडपडतात.

जाणार नाही. कशाला जायचं?

१५ सप्टेंबर, रविवार

गेले!

वाचनालयाच्या मागची खोली. चहा, सफरचंदाचा केक, ओल्या कोटांचा वास. आणि भाषा – आपली भाषा, सीमेपलीकडच्या ह्रोदनाची, माझ्या गावाची, घरची! कुणीतरी कुणाला तरी "चल हट, बावळटा" म्हणालं आणि माझे डोळे भरून आले. बावळटा शब्दाला रडणारी बाई पहिल्यांदाच पाहिली असेल त्यांनी.

एका टेबलावर तुरुंगातल्यांना पत्रं लिहिणं चालू होतं. पत्रात हवा, बाग, मांजर एवढंच लिहायचं. "मांजरं अधिकाऱ्यांना चालतात," विकेंती काका म्हणाले. हे अध्यक्ष. सत्तरीचे, पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचे, खिशात कायम चाकू – अळंबी कापायचा. माणसापेक्षा अळंबीवर जास्त जीव आहे असं युस्तीना म्हणते. मी एका अनोळखी मुलाला दोन पानं मांजरावर लिहिली. माझ्याकडे मांजर नाही. ह्रोदनाला बहिणीकडे, तेरेसाकडे आहे, तेच वापरलं.

शेवटी फोटो. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. मीही केली. तिकडे घरी असलेल्या माणसांना त्रास नको, म्हणून इथे सगळ्या फोटोंत नुसत्या पाठी आणि टोप्या असतात. माझ्या शेजारी आंतोस उभा होता – रंगारी, दणकट, मोजकं बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ चार वर्षं आत आहे. "पाठ ताठ ठेवा बाई," म्हणाला. "भावाला पत्रातून सांगतो, नवीन पाठ आलीय."

तीन वर्षांत इतकी हसले नव्हते.

युस्तीनाने सदस्यत्वाचा अर्ज हातात कोंबला. सुसेदीतल्या मुलांना भूगोल शिकवायचा तर सदस्य व्हावं लागतं म्हणे. दर रविवारी अकरा मुलं येतात. निम्म्यांना नेमान नदी कुठून कुठे वाहते ते माहीत नाही!

१७ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज एकच पान आहे. नाव, गाव, काम. आणि खाली एक प्रश्न – "त्या ऑगस्टात, मतदानाच्या संध्याकाळी, तुम्ही कुठे होता?"

चार वर्षांपूर्वीची ती निवडणूक, जिच्या आकड्यांवरून सगळा देश रस्त्यावर आला. युस्तीनाने सांगितलं होतं याबद्दल. प्रत्येक जण लिहितो, मग ते सभेत मोठ्याने वाचतात. कुणी चौकात होतं, कुणी पोलिसांच्या गाडीत, कुणी बाळंतपणात. एक आजी लिहून गेली – "घरी होते, भीतीने दिवे घालवून." तिलाही टाळ्या वाजवून घेतलं. "खरं असलं की झालं, बाई."

एक तास पेन घेऊन बसले. मग लिहिलं – "जंगलात. अळंबी गोळा करत होते."

आणि खाली सही केली. हात अजिबात थरथरला नाही. सवयीचाच आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

तेरेसाचा फोन. आम्ही बहिणी बोलतो ती हवा, मांजर आणि तिचे गुडघे. कोण ऐकत असेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "शेजाऱ्यांकडे येणं-जाणं वाढवावं म्हणते." तिला कळलं. अशा संघटनेच्या यादीत नाव गेलं की ह्रोदनाचा रस्ता बंद, तिच्या गुडघ्यांना तेल चोळायला मी कधीच जाऊ शकणार नाही. ऐंशी किलोमीटर! चांगल्या रस्त्याने तासभर.

मग म्हणाली, "मांजर आता दारात बसून तुझी वाट बघत नाही हो. बरं आहे त्याचं."

मांजराच्या आडून मोकळं केलं तिने मला.

२२ सप्टेंबर, रविवार

मेले! अळंबीनं मारलं मला!

विकेंती काकांनी अर्ज वाचला. "जंगलात. अळंबी." त्यांचा चेहरा असा खुलला, मला वाटलं जिंकले. "कुठल्या जंगलात?" म्हटलं, गावापलीकडच्या. "काय मिळालं?" आता थांबावं की नाही माणसानं? पण माझी जीभ! "टोपलीभर बोराविक," म्हटलं, अळंब्यांतला राजा. "हे असे – तळहाताएवढे!"

मग काका हसायला लागले. "त्या ऑगस्टात? अहो बाई, त्या वर्षी जूनपासून थेंब पडला नव्हता! तीन आठवडे मी ती सगळी जंगलं पालथी घातली आणि एक वाळकी छत्री घेऊन घरी आलो. बायकोने ती माझ्या ताटात ठेवली होती, वर कोथिंबीर घालून!"

सगळे हसले. पाठीमागची म्हातारी म्हणाली, "खरंच की, त्या वर्षी बाजारातसुद्धा नव्हती." आपल्या माणसाला कुठल्या साली पंतप्रधान कोण होता ते आठवणार नाही, पण कुठल्या साली अळंबी आली नाही ते मरेपर्यंत आठवेल. आणि मी, ह्रोदनाची लेक, हे विसरले!

"वर्ष चुकलं असेल माझं," मी म्हटलं. "असेल, असेल," काका म्हणाले. पण आंतोस हसत नव्हता. युस्तीनाही हसत नव्हती. ती टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा करत होती.

अर्जावर मतदान पुढच्या रविवारी. मध्ये आठवडा ठेवतात, कुणाला काही हरकत असली तर.

२३ सप्टेंबर, सोमवार

कुणाला तरी सांगायलाच हवं. तर तुला सांगते. कागदच आहेस, उठून जाणार नाहीस.

मी शाळेत होते. मतदान केंद्र आमच्याच शाळेत, आणि मोजणाऱ्या आम्ही शिक्षिका. दर निवडणुकीला आम्हीच. नोकरीचा करार एकेका वर्षाचा, आणि तो वाढवायचा की नाही ते हेडबाईंच्या हातात. कुणी नाही म्हणत नसे.

व्यायामशाळेत दोन टेबलं जोडून आम्ही गठ्ठे लावले. एक गठ्ठा उंच, माझ्या कोपरापर्यंत. दुसरा बुटका. उंच गठ्ठा नव्या उमेदवार बाईंचा, बुटका जुन्या साहेबांचा. आम्ही एकमेकींकडे बघत होतो. संगीताची बाई तर चक्क हसत होती. मीही हसले असेन. मोजणी मीच केली, दोनदा. बेरजेत मी कधी चुकत नाही.

मग हेडबाई शेजारच्या खोलीत फोनवर गेल्या आणि परत आल्या त्या तयार कागद घेऊन. उंच गठ्ठ्यापुढे बुटका आकडा, बुटक्यापुढे उंच. "चला पोरींनो, सह्या करा आणि घरी जा. उशीर झालाय." एवढंच. ना धमकी, ना आरडाओरडा. मला वाटायचं, अशा वेळी निदान कुणीतरी ओरडतं तरी.

अकरा जणी होतो. दहा सह्या झाल्या आणि कागद माझ्यासमोर आला. बाहेर फाटकाशी लोक जमले होते, "आकडे दाखवा! आकडे दाखवा!" मी हेडबाईंना म्हटलं, "बाई, हे उलटं आहे." त्या म्हणाल्या, "यादविहा, तुझा करार सप्टेंबरात संपतो ना?" मी सही केली.

कागद त्यांनी दारावर चिकटवला आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर काढलं. बटाट्याच्या पोत्यांमधून. मागे लोक ओरडत होते – "लाज वाटू द्या!" त्यात बायकांचे आवाज होते, पोरींचे होते. काही आवाज माझ्या वर्गातले होते, मला ओळखू येत होते.

त्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी सात जणांना धरलं. त्यात युस्तीना. एकोणीस वर्षांची. पंधरा दिवस आत होती. का धरलं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी काकड्यांचं लोणचं घातलं – अकरा बरण्या. एकही उघडली नाही. करार वाढवून मिळाला. वर्षभर वर्गात जायचे, पण पोरं उठून उभी राहिली की मान वर होत नसे. शेवटी मीच राजीनामा दिला आणि इकडे आले.

हे आहे माझं अळंबी गोळा करणं!

२५ सप्टेंबर, बुधवार

युस्तीना लाँड्रीच्या दाराशी उभी. आपल्या बायकांना जादा तास राबवतात म्हणून संघटनेतर्फे तक्रार लिहून आणली होती. मुकादमिणीसमोर ताठ उभी राहून वाचली! मुकादमीण चक्क "बघते" म्हणाली. पोरीला नेमान काढता यायची नाही धड, आणि आता!

मग म्हणाली, "बाई, पुढच्या महिन्यात समितीची निवडणूक आहे. मतमोजणीला तुमचं नाव सुचवू? गुणांची बेरीज तुमची कधी चुकायची नाही."

"बघते," मी म्हटलं. मुकादमिणीसारखंच.

ती थोडी थांबली. मला वाटलं अजून काही बोलणार आहे. "थंडी पडली, बाई. मफलर घालत जा," म्हणाली आणि गेली.

हिला मी फसवतेय. बाकी सगळे राहू देत. हिला!

२८ सप्टेंबर, शनिवार

उद्या सांगणार. ठरलं.

२९ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. सगळं, क्रमाने लिहिते, नाहीतर माझा विश्वास बसणार नाही.

विकेंती काका म्हणाले, "आता यादविहाबाईंचा अर्ज." मी उभी राहिले. पाठ केलेली वाक्यं सगळी पळाली. "मी जंगलात नव्हते," म्हटलं. "मी मोजत होते. उंच गठ्ठा होता तुमचा. मी त्याच्यापुढे खोटा आकडा पाहिला आणि सही केली." मग शाळा, हेडबाई, बटाट्याची पोती, सगळं. मी कुणाकडे बघत नव्हते. समोर केक होता, त्याच्याकडे बघून बोलले.

पाठीमागची म्हातारी नुसती "देवा रे" म्हणाली. मग आंतोस उठला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलला. "माझा भाऊ अशाच एका फाटकाशी उभा होता, बाई. त्याने फक्त खरा आकडा मागितला. आणि तुम्ही त्या दिवशी हात धुऊन घरी गेलात." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? "आणि इथे येऊन मला हसवलंत," तो म्हणाला. मला हेच जास्त लागलं.

दोघं-तिघं म्हणाले, करारावरच्या बाया काय करणार होत्या? तिघं-चौघं म्हणाले, हजारो बायांनी असंच म्हटलं म्हणून तर हे झालं. दोन्ही खरं आहे. युस्तीना एक शब्द बोलली नाही.

काका म्हणाले, "नियमाप्रमाणे मतदान. अर्ज मान्य, हो की नाही. बरोबरीत सुटलं तर माणूस आत." मग इकडे-तिकडे बघून विचारलं, "मोजणार कोण?"

"तीच मोजेल," आंतोस म्हणाला. "अनुभव आहे."

कुणीतरी "काय हे" म्हणालं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

आमच्यात मतपेटी म्हणून काचेची बरणी वापरतात, लोणच्याची, तीन लिटरची. सगळ्यांना आरपार दिसावं म्हणून. चिठ्ठीवर हाताने हो किंवा नाही लिहायचं. मोजणारा एकेक चिठ्ठी काढून वर धरतो, चारी बाजूंना दाखवतो, मग वाचतो. आपल्या लोकांचा आता आकड्यांवर विश्वास डोळ्यांनी बघितल्याशिवाय बसत नाही. बरणीला अजून शेपूचा वास येत होता.

मी काढत गेले. हो. नाही. नाही. हो. चिठ्ठी वर धरायची, वळायचं, दाखवायचं. सही केली होती त्याच हाताने. काका फळ्यावर रेघा मारत होते. शेवटी तेरा आणि तेरा.

काकांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. खडू ठेवून ते म्हणाले, "बरोबरी! म्हणजे बाई—"

पण मी सुरुवातीलाच डोकी मोजली होती. मुद्दाम नव्हे, वर्गात शिरल्यावर हजेरी आपोआप होते माझी. मी सोडून सत्तावीस. आणि रेघा सव्वीस.

बरणीला बाहेरून जुनं लेबल आहे, 'काकडी' लिहिलेलं. त्याच्या मागे, आतल्या बाजूला, ओलसर काचेला एक चिठ्ठी चिकटून बसली होती. वरून मला दिसत होती. फक्त मला. लोक खुर्च्या सरकवायला लागले होते. कुणीतरी चहाच्या किटलीचं झाकण काढलं.

मला ती अकरा मुलं हवी होती. रविवार हवा होता, चहा, बावळटा म्हणणारे आवाज. बरणी विसळून ठेवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

"एक राहिली," मी म्हटलं.

हात आत घातला, मनगटापर्यंत अडकला. चिठ्ठी सोलून काढली. अक्षर डावीकडे कललेलं. सहा वर्षं मी त्या अक्षराला सरळ करायला बघत होते. डावखुऱ्या पोरीचं अक्षर, काळी शाई.

"नाही."

मी ती चारी बाजूंना दाखवली. युस्तीनाच्या बाजूलाही. तिने मान खाली घातली नाही. मी कोट घेतला आणि निघाले. मागून आंतोस म्हणाला, "बाई, मफलर राहिला." आणून दिला. माझ्याकडे बघत नव्हता, पण दार त्यानेच धरलं.

३० सप्टेंबर, सोमवार

चादरी तीनशे बारा. दोनदा मोजल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार

तेरेसाला म्हटलं, शेजाऱ्यांकडे जमलं नाही. "का गं?" म्हटलं, माझंच चुकलं होतं जुनं काहीतरी. "मग बोललीस का त्यांच्याशी?" बोलले. "झालं तर," ती म्हणाली, आणि मग गुडघ्यांवर आली.

मला पोरीचा राग नाही. रात्रंदिवस शोधतेय, सापडत नाही. पंधरा दिवस आत होती ती. पण ती मिठी? ते "मफलर घालत जा"? ते सगळं खरं होतं, आणि चिठ्ठीही खरी. हे दोन्ही एका पोरीत कसं मावलं ते मला कळत नाही. रडू येतं एवढंच.

६ ऑक्टोबर, रविवार

सभेला गेले नाही. चार वाजता दार वाजलं. युस्तीना! केकचा डबा आणि फोन घेऊन. आत न येता फोन पुढे केला. आमच्या शाळेचं दार, त्यावर चिकटवलेला तो कागद, खाली अकरा सह्या. "हा फोटो काढला म्हणून धरलं होतं मला. शेवटची सही तुमची, बाई. सहा वर्षं प्रगतिपुस्तकावर बघितलेली."

म्हणजे रांगेत हाक मारली तेव्हा – "माहीत होतं," ती म्हणाली.

"मग चिठ्ठीवर 'नाही' का लिहिलंस?"

"मतदान अर्जावर होतं, बाई. त्या अर्जात अळंबी लिहिली होती. आणि खाली पुन्हा तुमची सही! खोट्या कागदाला मी हो कशी म्हणू?"

केकच्या डब्याखाली कोरा अर्ज आहे. दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर वर सूचक म्हणून दोघांची नावं लागतात. एक डावीकडे कललेलं, दुसरं आंतोसचं.

पेन घेतलंय. हात थरथरतोय. त्या ऑगस्टात तुम्ही कुठे होता? – शाळेत. मोजत होते.